बीटेकवाल्याला फिजिक्सची पीएचडी करता येते का?

मी पिंपळगाव बसवंतहून बोलतोय. मागं टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, सध्या घरूनच काम चालू आहे आणि हायवे काही लांब नाही.

मागच्या महिन्यात घरी सांगितलं, मला फिजिक्समध्ये पीएचडी करायचीय. वडिलांनी एकच विचारलं, "किती वर्षं?" म्हटलं, पाच-सहा. ते म्हणाले, "द्राक्षाची नवी बागसुद्धा दोन वर्षांत माल द्यायला लागते." वय 28, नोकरी चालू, बागेचं कर्ज चालू. म्हणून आधी नियमच वाचायला घेतले.

खूळ कुठून आलं? पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. विज्ञान दिनाला तिथं लोकांना आत सोडतात, तसा मी गेलो होतो. तेव्हा कळलं की अँटेना दिसतात मोठ्या, पण निम्मं काम कॉम्प्युटरवर डेटा साफ करण्याचं. अरे, हे तर मी रोज करतो! फक्त माझा डेटा बिलांचा असतो.

आता नियम. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे मास्टर्सला 55 टक्के हवेत. नुसती चार वर्षांची पदवी असेल, म्हणजे माझ्यासारखा बीटेक, तर 75 टक्के. मला 76 आहेत. थोडक्यात वाचलो! पण कुठली संस्था फिजिक्सला बीटेक घेते, हे त्या त्या जाहिरातीत बघायलाच लागतं. आयुका, टीआयएफआर, विद्यापीठं, सगळ्यांच्या अटी सारख्या नाहीत.

मग परीक्षा. सीएसआयआर-नेट, गेट, जेस्ट किंवा संस्थेची स्वतःची. नेट 200 मार्कांची, तीन तासांची, आणि चुकलं की मार्क कापतात. खरी गोची अभ्यासक्रमात आहे. क्वांटम, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. मी फिजिक्स शिकलो ते फर्स्ट इयरला, तेही पास होण्यापुरतं. अजून एक बारीक अक्षरातली अट आहे. बीटेकवर जेआरएफ मिळाली तरी पैसे सुरू होतात ते पीएचडीला नाव नोंदवल्यावरच, आणि त्याला दोन वर्षांची मुदत असते.

पैसे किती? पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर 42,000, वर घरभाडं. माझ्या आत्ताच्या पगारापेक्षा बरेच कमी. हप्ता जाऊन काय उरतं, याची एक्सेल शीट केलीय. ती आईला दाखवलेली नाही.

आत गेल्यावर कोर्सवर्क, किमान 12 क्रेडिट, त्यात 55 टक्के हवेतच. दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढं काम दाखवायचं. शेवटी प्रबंध, तो बाहेरचे किमान दोन परीक्षक तपासतात, आणि मग तोंडी. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, बायकांना आणखी दोन. पेपर छापून आलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं 2022 ला काढली, पण त्यावर खूश होऊ नका. संस्था स्वतःची अट ठेवू शकते, आणि पुढं पोस्टडॉकला विचारतात ते पेपरच.

पार्ट-टाइम चालते का, हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. चालते, पण नोकरी देणाऱ्याची एनओसी लागते. मी मॅनेजरला विचारलं, तो म्हणाला "बघू". आपल्याकडं "बघू" म्हणजे काय, ते तुम्हाला माहितीय.

तर ठरलंय असं. राजीनामा नाही. पहाटे पाच ते सात क्वांटम, नऊला लॉगिन, आणि पुढची नेट द्यायची. काल वडील बागेतून आले, वही बघितली, म्हणाले, "हे गणित बरोबर आलं का?" म्हटलं, नाही. "मग परत कर."

निकाल लागला की, काय असेल ते, इथंच सांगीन. दारात ट्रॅक्टर आलाय, थांबतो.