ताटाची डावी बाजू



हीरक महोत्सवात वैद्यकीय व्याख्यान देण्याचा माझा मानस नाही. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूविषयी मात्र बोलायचे आहे. इंदुरात पिढ्यानपिढ्या राहूनही आपण ताट मराठी पद्धतीनेच वाढतो: मीठ, लिंबू, चटणी, लोणचे. सकाळच्या पोह्यांवरील शेव ही या शहराची देणगी. (ती सोडा म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावे. म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात आमटीपासून शेवेपर्यंत सारे आले. सैंधवही शेवटी मीठच. अतिरिक्त मिठाने रक्तदाब वाढतो आणि तो बहुधा जाणवतही नाही. खो-खोत कुणाच्या हाती न लागणारा माझा एक वर्गमित्र, 'मला काही होत नाही', म्हणत रक्तदाब मोजणे टाळत राहिला. सत्तेचाळिसाव्या वर्षी अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू लुळी पडली. आज तो पहिल्या रांगेत बसला आहे. हे सांगण्याची परवानगी त्यानेच दिली.

मिठाचे भांडे ताटाजवळून उचलून स्वयंपाकघरात ठेवा. काही आठवड्यांत जीभ रुळते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. सहावीच्या वर्गात रक्तदाब मोजण्याची सोय केली आहे. त्याआधी पाच मिनिटे न बोलता स्वस्थ बसावे लागेल. त्या वर्गात आपल्याला ते कधीच जमले नव्हते.