गोबेल्सची वही

मी हैदराबादला राहते आणि गेली बरीच वर्षं जर्मन शिकवते. घरात मराठी, वर्गात जर्मन आणि रस्त्यावर हैदराबादी हिंदी असा माझा दिवस जातो. बोलताना सरमिसळ झाली तर सांभाळून घ्या.

आज माझ्या एका फजितीबद्दल बोलायचंय. चार वर्षांपूर्वी वरच्या वर्गात नऊ मुलं होती. पाठ्यपुस्तकातले उतारे वाचून ती कंटाळली होती, म्हणून मी दोन पानं टाइप करून आणली. नावं काढून टाकली. म्हटलं, "शंभर वर्षांपूर्वीच्या एका सव्वीस वर्षांच्या मुलाची डायरी आहे. वाचा आणि सांगा, हा मुलगा कसा वाटतो?"

मुलगा शिकलेला. हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट, तीही साहित्यात. पण नोकरी नाही. कोलोनच्या एका बँकेत काही महिने काम केलं, तेही सुटलं. आता आईवडिलांच्या घरी, वडिलांच्या पैशावर. त्यांच्यासमोर जेवायला बसायची लाज वाटते. वर्तमानपत्रांना लेख पाठवतो, ते साभार परत येतात. बर्लिनच्या एका मोठ्या दैनिकात अर्ज केला, तिथूनही नकार. उजवं पाऊल लहानपणापासून वाकडं. दहाव्या वर्षाच्या आसपास शस्त्रक्रिया झाली, तिचा उपयोग झाला नाही. 1914 साली युद्ध सुरू झालं, वर्गमित्र सैन्यात गेले आणि याला परत पाठवलं. आता रात्र रात्र झोप नाही. एक मुलगी आहे, शाळेत शिकवते. तिचं पत्र आलं की दिवस बरा, नाही आलं की सगळं संपवून टाकावंसं वाटतं.

एक मुलगी म्हणाली, "बिचारा." दुसरा म्हणाला, "मॅडम, ये तो मेरा भाई है." त्याचा भाऊ इंजिनिअर होऊन दोन वर्षं घरी बसला होता. सगळे हसले, पण हसण्यात माया होती. अर्धा तास आम्ही त्या अनोळखी मुलावर बोललो. इतक्या आपुलकीनं जर्मन बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी खूश.

मग मी नाव सांगितलं. योसेफ गोबेल्स.

मराठी घरात हे नाव सगळ्यांना माहीत असतं. आपल्या वर्तमानपत्रांत 'गोबेल्स नीती' दर निवडणुकीत एकदा तरी येते, दोन्ही बाजूंकडून. खोटं पुन्हा पुन्हा सांगितलं की खरं वाटतं, हे त्याच्या नावावर खपवलं जाणारं वाक्य त्याचं असल्याचा पुरावा नाही, पण तो भाग वेगळा. हिटलरचा प्रचारमंत्री एवढं आपल्याला पुरतं. या माणसाची वही असेल, त्या वहीत तो रडत असेल, हे डोक्यात येत नाही.

वर्ग गप्प झाला. मला वाटलं, धडा जमला. क्रूर माणूसही आतून माणूसच असतो वगैरे मी बोलणार, एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एक बोलू?" हा मुलगा फार बोलत नसे. त्याचंही पाऊल जन्मापासून वाकडं आहे, बूट वेगळा करून घ्यावा लागतो. उतारा निवडताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो म्हणाला, "तुम्ही आता सांगणार, त्याच्या पायामुळे तो तसा झाला. नका सांगू. पाय माझाही तसाच आहे. मी काय केलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा बरं वाटलं, हेही कबूल करते.

त्या रात्री मी पुन्हा मूळ पुस्तक काढलं. ही डायरी जर्मनीत जवळजवळ तीस खंडांत छापली आहे. 1923च्या ऑक्टोबरपासून 1945पर्यंतची. लिहायला वही दिली ती त्याच शिक्षिकेनं, एल्झे यान्केनं. रोज लिही म्हणून. बँकेतली नोकरीही तिच्याच खटपटीनं मिळाली होती. आणि एल्झेची आई ज्यू होती.

डायरीच्या सुरुवातीला 1924च्या उन्हाळ्यात लिहिलेली आठवणींची टिपणं आहेत. त्यात एक जागा आहे. त्याच्या पायावरून दोघांचं भांडण होतं. त्याला लागतं, आणि ते आपल्यालाही लागतं. लगेच पुढे तो लिहितो की तिनं आपल्या जन्माची गोष्ट कबूल केली आणि तेव्हापासून पहिली जादू ओसरली. मधे फार अंतर नाही. जन्मानं मिळालेल्या पायावरून आपल्याला कोणी कमी लेखलं तर काय होतं, हे ज्याला पुरतं ठाऊक आहे, तो जन्मानं मिळालेल्या आईवरून तिला कमी लेखतो. त्याला यातलं साम्य दिसत नाही. पुढे काही वर्षं संबंध राहतो, पत्रं चालू राहतात. 1926मध्ये पक्षानं त्याला बर्लिनला पाठवलं, त्या सुमारास ती संपली.

हा उतारा मीच गाळला होता. खोटं कशाला बोलू, दोन पानांत बसत नव्हता म्हणून. आणि बहुधा, तो घातला असता तर मुलांना मुलगा आवडला नसता म्हणूनही.

मग पुढचे खंड मी निराळ्या नजरेनं वाचले. आपल्याला 'गुप्त डायरी' म्हटलं की वाटतं, इथे माणूस खरं बोलतो. सुरुवातीच्या वह्या तशा असतीलही, त्या कुणी वाचणार नव्हतं. पण 1936मध्ये मंत्रिमहोदयांनी डायरीचे हक्क पक्षाच्या प्रकाशकाला, माक्स आमानला विकले. अडीच लाख मार्क लगेच आणि दरवर्षी एक लाख. छापायची मृत्यूनंतर वीस वर्षांनी. 1941च्या जुलैपासून तर तो लघुलेखकाला सांगून लिहवून घेत असे. समोर माणूस बसलेला असताना कसलं गुपित?

तरी हळवेपणा संपत नाही, हे मला जास्त भीतिदायक वाटलं. 1938च्या ऑगस्टमध्ये लिडा बारोव्हा या चेक नटीशी असलेलं प्रकरण हिटलरनं मोडायला लावलं. त्यानंतरची पानं दुःखानं भरलेली. कोणालाही कणव यावी. आणि तीन महिन्यांच्या आत, 9 नोव्हेंबरच्या रात्री, म्युनिकच्या जुन्या नगरभवनात हाच माणूस भाषण करतो आणि देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जळू लागतात. जवळजवळ तीस हजार ज्यू पुरुषांना धरून छावण्यांत नेलं. त्या रात्री हॉटेलकडे जाताना फुटणाऱ्या काचांचा आवाज ऐकू आला, हे तो आनंदानं नोंदवतो. 1942च्या मार्चमधल्या एका नोंदीत लुब्लिनहून हलवल्या जाणाऱ्या ज्यूंचा हिशेब आहे: साठ टक्के संपवावे लागतील, चाळीस टक्के कामाला लावता येतील. ही पद्धत रानटी आहे, असंही तोच म्हणतो. म्हणजे कळत होतं.

काचेवरून आठवलं. शेवटी शेवटी त्यानं ही सगळी डायरी काचेच्या छोट्या पट्ट्यांवर सूक्ष्म छायाचित्रं घेऊन जपली आणि पॉट्सडॅमजवळ पुरून ठेवली. बर्लिन जळत असताना त्याला काळजी या पट्ट्यांची. 1 मे 1945 रोजी त्याच्या सहा मुलांना बंकरमध्ये विष देण्यात आलं, मग नवराबायकोनं स्वतःला संपवलं. पट्ट्या सोव्हिएत सैन्याला सापडल्या, मॉस्कोला गेल्या, आणि 1992मध्ये एल्के फ्रोलिश या इतिहासकार बाईंना तिथल्या दप्तरखान्यात दिसल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला थांबवून म्हटलं, "तू बरोबर होतास." तो म्हणाला, "मॅडम, पण तो उतारा वाचताना मलाही वाईट वाटलं होतं. राग त्याचाच आला."

उतारा मी अजून शिकवते. नाव आधीच सांगते आणि एल्झेचा भाग घातल्यामुळे पानं दोनाची तीन झाली आहेत. त्या भागातली वाक्यं तुटक आहेत, क्रियापदं गाळलेली, वाचायला अवघड. मुलं कुरकुरतात. मी म्हणते, सावकाश वाचा, मला घाई नाही.