बालविकास व कुटुंबसेवा : एक उपेक्षित कार्यक्षेत्र

(सुवर्णमहोत्सवी समारंभात मोरवा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मोरवा, राई, मुर्धा ही एकेकाळची भातशेतीची आणि मिठागरांची गावे. त्यांच्या शेजारी, भाईंदर स्थानकाभोवती, पाहता पाहता नगर उभे राहिले आणि २००२ साली येथे महानगरपालिका झाली. घरे पक्की झाली. पण कुटुंबे लहान झाली. आजी-आजोबा मूळ गावी, आई-वडील पहाटेच्या लोकलमध्ये आणि तीन वर्षांचे मूल कोणाच्या तरी स्वाधीन. हा ‘कोणीतरी’ कोण, त्याचे शिक्षण काय, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. दुकानात कापडावर कात्री चालवणारा माणूस पारखून घेतला जातो. मुलासाठी मात्र जी बाई कमी पैशांत मिळेल, ती चालते.

या विषयातील मोठा इतिहास येथून दूर नाही. भाईंदरहून डहाणूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या टोकाशी बोर्डी आणि कोसबाड ही गावे आहेत. आज ती पालघर जिल्ह्यात मोडतात. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांना आंघोळ, नखे काढणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचा उगम तो. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदू लागल्या.

ताराबाईंनी ही दृष्टी घेतली ती भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या सहवासात. गिजुभाई व्यवसायाने वकील होते. वकिली सोडून ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असे प्रेमाने संबोधिले. बालसंगोपन हे केवळ बायकांचे काम, असे मानणाऱ्यांनी या नावाचे स्मरण ठेवावे. आणि विधवेच्या आयुष्यात काय उरते, असे विचारणाऱ्यांनी अनुताईंचे चरित्र पाहावे. त्या बालविधवा होत्या. ताराबाईंच्या १९७३ मधील निधनानंतर त्यांनी कोसबाडची धुरा वाहिली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री लाभली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. परंतु नाव पोहोचले तशी प्रतिष्ठा पोहोचली नाही. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. या सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, हे सांगण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले. या क्षेत्रात अद्याप धन अल्प आहे, हे युवकांपासून लपवण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, ते अल्प का राहावे?

कारण या कामाला ‘सेवा’ म्हटले की ते ज्ञानाचे काम आहे, याचा विसर पडतो. दोन वर्षांचे मूल बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही, तेव्हा ‘वडीलही उशिराच बोलले होते’ असे म्हणून वर्ष निघून जाते. प्रशिक्षित शिक्षिका असेल तर तिच्या ध्यानात येते की, आधी कान तपासले पाहिजेत. ते वर्ष पुन्हा मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानली, ती उगाच नव्हे.

या ज्ञानाची केंद्रे याच लोकलच्या मार्गावर आहेत. सांताक्रूझला उतरून जुहूच्या आवारात जावे, तर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात मानवी विकासाचा अभ्यास होतो. वांद्र्याला वाचा व श्रवणदोषांच्या उपचारांचे शिक्षण देणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. चर्चगेटजवळ निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय आहे. पलीकडे देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिचा आरंभ १९३६ चा. १९८४ साली याच संस्थेने मुंबई पोलिसांसमवेत पीडित महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवाही १९९६ साली तिच्याच प्रकल्पातून उभी राहिली.

बालवाडी शिक्षिका, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, बालकल्याण समितीचे सदस्य, कुटुंब न्यायालयातील समुपदेशक, अशी कामे या शिक्षणातून खुली होतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकाला न्यायदानाच्या प्रक्रियेतच स्थान दिले. पती-पत्नीतील वाद पंचांसमोर मांडताना घराण्याच्या अब्रूची चर्चा अधिक होते आणि लेकरू कोपऱ्यात उभे असते. त्या लेकराकडे पाहण्याचे शिक्षण घेतलेला माणूस तेथे हवा.

समाजाच्या दातृत्वाविषयी शंका नाही. पाठशाळा, धर्मशाळा, दवाखाने त्याची साक्ष देतात. परंतु वास्तूसाठी लक्षावधी रुपये आनंदाने देणारा हात, त्याच वास्तूतील बालवर्गाच्या शिक्षिकेचा पगार ठरवताना आखडतो. मुलीने हा अभ्यासक्रम निवडला तर ‘लग्नापर्यंत ठीक आहे’ म्हणायचे आणि मुलाने निवडला तर घरात सुतक पाळायचे, ही रीत आता सोडावी.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत. दरवर्षी या विषयांच्या एक-दोन विद्यार्थ्यांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, शिष्यवृत्ती द्यावी. बालवर्गाच्या शिक्षिकेला तिच्या शिक्षणाला साजेसे वेतन मिळावे, यासाठी कायम निधी ठेवावा. आणि आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक बसेल, अशी एक खोली राखावी. तेथील बोलणे तेथेच राहील, याची हमी असावी.

ताराबाईंनी बोर्डीत काम आरंभिले, तेव्हा त्यांनी वस्तीतल्या मुलांचे अंगण हीच शाळा मानली. आज मोरव्याच्या परिसरात इमारतींना तोटा नाही. उणीव आहे ती त्यांत मुलांजवळ बसणाऱ्या जाणत्या माणसांची. ती माणसे याच घरांतून घडावीत, ही प्रार्थना.

जय जिनेंद्र.