परसातली मीटरगेज

परसात आगगाडी चालवायची म्हटलं की आपल्याकडे लोकांना ते पोरांचं काम वाटतं. युरोपात तसं नाही. तिथं बागेतली रेल्वे हा मोठ्या माणसांचा उद्योग आहे. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्ड गावी रोलंड कॅलिंगहॅम नावाच्या एका हिशेबनीसानं आपल्या आवारात एक छोटं गाव वसवलं आणि त्यातून रेल्वे फिरवली. 'बेकनस्कॉट' नावाचं ते गाव १९२९ मध्ये लोकांना खुलं झालं आणि अजून चालू आहे. असं सांगतात, की घरभर पसरलेल्या रुळांना कंटाळून त्याच्या बायकोनं बजावलं होतं, एक तर ही गाडी घराबाहेर जाईल, नाही तर मी. खरंखोटं देव जाणे, पण ही गोष्ट ऐकल्यापासून माझी पत्नी त्या बाईंच्या बाजूची आहे.

आपल्याकडे पुण्यात, कोथरूडला, भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. जरूर पाहावं असं. मात्र तिथली गाडी मूळ गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, आणि तीही छपराखाली. उन्हापावसात टिकायला गाडी अंगानं जरा दणकट लागते. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीनं १९६८ मध्ये अशी गाडी बाजारात आणली. रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर, आणि गाडी मूळ गाडीच्या साडेबावीसाव्या हिश्शाची. जर्मनीत नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर येताना अशाच एका जुन्या संचाचं खोकं घेऊन आला. एक इंजिन, तीन डबे आणि पितळी रूळ. आजोबांसाठी आणलं, म्हणाला.

आजोबा म्हणजे माझे अब्बा. आम्ही कुर्डुवाडीचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे आमच्या गावातून निघायची. रुळांत अंतर अडीच फूट. ही छोटी लाइन पुढं पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. या गाडीनं किती वारकरी विठोबाच्या पायाशी नेऊन सोडले असतील, त्याला गणती नाही. अब्बा १९५८ मध्ये या लाइनीवर गँगमन म्हणून लागले आणि १९९६ मध्ये मेट म्हणून निवृत्त झाले. अडतीस वर्षं खडी ठासली, स्लीपर बदलले, उन्हाळ्यात वाकलेले रूळ सरळ केले. पुढं लाइन टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली आणि त्यांचे रूळ उचलले गेले. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. ब्रॉडगेजची गाडी वेळेवर येते का, एवढंच विचारायचे.

आता त्यांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कडेचं दिसत नाही. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. आमची गेल्यापासून खोलीबाहेरही फारसे येत नव्हते. आमची म्हणजे माझी अम्मी. अब्बा तिला 'आमची'च म्हणायचे, ते आता माझ्याही तोंडी बसलंय.

भाच्यानं खोकं उघडलं तेव्हा अब्बांनी इंजिन हातात घेतलं नाही. रुळाचा तुकडा घेतला. दोन रुळांमध्ये बोटं धरली, मग डबा त्यावर ठेवून तो दोन्ही बाजूंना किती बाहेर येतो ते चाचपलं आणि म्हणाले, "ही आपली नाही. ही मीटरगेज." मी कागदावर हिशेब केला. ४५ गुणिले साडेबावीस म्हणजे १,०१२ मिलिमीटर. बरोबर मीटरगेज! आमच्या अडीच फुटी लाइनीचे डबे याच रुळांवर हवे असते, तर ते सतराव्या हिश्शाचे, म्हणजे बरेच मोठे करावे लागले असते. मिरज स्टेशनात एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो, तिन्ही गेजच्या गाड्या उभ्या असायच्या. ते पाहिलेल्या माणसाच्या बोटांना मोजपट्टी लागत नाही.

आमचं परस बारा मीटर लांब, पाच मीटर रुंद. धाकट्या भावाच्या मनात तिथं भाड्याची खोली होती, आणि त्यात गैर काहीच नाही. महिन्याला चार पैसे आले असते. पत्नीला धुणं वाळत घालायला जागा हवी होती. अब्बांनी भावाला एवढंच म्हटलं, "पटरी उखाडने कू कितना टाइम लगता? एक दिन." त्यावर कुणी काही बोललं नाही. खोली सध्या थांबली आहे.

आखणी करताना कळलं, की साधा लांबट फेरा घातला तरी शंभर गोष्टी ठरवाव्या लागतात. या रुळांचा तयार मिळणारा सगळ्यात लहान गोल १.२ मीटर व्यासाचा. त्यावर गाडी वळते, पण अंग चोरून. आम्ही वळणाची त्रिज्या दीड मीटर धरली आणि दोन्ही बाजूंना सात-सात मीटर सरळ रूळ. फेरा झाला साधारण साडेतेवीस मीटरचा. खरा प्रश्न होता तो अब्बांच्या खुर्चीचा. पाहणारा मधोमध बसतो आणि गाडी त्याच्यासमोरून आडवी जाते, ही नेहमीची रीत. अब्बांच्या नळीतून ती गाडी क्षणात निसटली असती. म्हणून खुर्ची फेऱ्याच्या टोकाला, ओसरीजवळ ठेवली. आता गाडी सात मीटरवरून समोर येत राहते, येताना मोठी होत जाते आणि नजरेतून सुटत नाही.

आमची जमीन काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वर बांधलेलं काहीही हलवते. दीड फूट चर खणून काळी माती काढली, मुरूम भरून ठोकला आणि त्यावर विटांची बुटकी भिंत घेतली. जमिनीला मागच्या गटाराकडे वीसेक सेंटिमीटर उतार आहे. सात मीटरमध्ये तेवढा चढ म्हणजे पस्तिसास एक, छोट्या इंजिनाला तो जड. म्हणून भिंतीचा माथा सपाट ठेवला. घराकडे ती ५५ सेंटिमीटर उंच, मागं ७५. गवंड्यानं विचारलं, "चाचा, ठीक आहे ना?" चाचांनी उलट विचारलं, "पानी किधर जाता?" मग भिंतीच्या तळाशी दर हातभरावर भोकं ठेवली गेली. रेल्वे म्हणजे इंजिन असं आपल्याला वाटतं. गँगमनला विचाराल तर रेल्वे म्हणजे पाण्याचा निचरा.

खडीवरून मात्र दोन दिवस गेले. मी नदीची बारीक वाळू आणली होती, दिसायला छान. अब्बांनी मूठभर हातात घेऊन सोडून दिली. गोल कण एकमेकांना धरत नाहीत, कोन असलेले धरतात. शेवटी क्रशरची कच आणली, ती दोनदा चाळून भुकटी काढली. भुकटी राहिली तर पाणी अडतं आणि खडीचा चिखल होतो. ती कच अब्बांनी स्वतः, भिंतीला धरून चालत, बोटांनी स्लीपरांच्या मध्ये ठासली.

रूळ जोडायचं काम जानेवारीतल्या एका सकाळी केलं, तेही त्यांच्याच हुकमानं. रूळ गार असताना फट ठेवायची, म्हणजे मे महिन्यात ती आपोआप भरते. पितळ चांगलंच फुगतं. जानेवारीची सकाळ आणि मेची दुपार यांत रुळाला पंचेचाळीस अंशांचा फरक पडला, तर आमचा फेरा दोन सेंटिमीटरनं लांबतो. एका फुटाच्या तुकड्याला ते पोस्टकार्डाच्या जाडीएवढं येतं. तेव्हा प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाचा तुकडा धरून रूळ जोडले. घरात पोस्टकार्डं होती, ती माझ्या कवितांच्या वाचकांची. चांगल्या कामी आली.

रुळांतून वीज न्यायची तर पितळ रोज पुसावं लागतं, म्हणून भाच्यानं इंजिनात बॅटरी बसवली. कडेला दूर्वा आणि चिनी गुलाब लावले. मेंदीची रोपं छाटून धरली की बारीक पानांमुळं थेट बाभळीसारखी दिसतात. सब्जा आधीपासून होताच, तो उंच वाढून डब्यांना लागतो. अब्बा म्हणतात, राहू दे, वास येतो.

गाडी सेकंदाला एक फूट जाते. साडेबावीसानं गुणलं तर ताशी चोवीस-पंचवीस किलोमीटर. आमची खरी गाडीही जवळपास याच चालीनं जायची. अब्बा असरच्या नमाजानंतर ओसरीत येऊन बसतात. इंजिनाबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत. मागच्या वळणाजवळ तिसऱ्या सांध्यावर गाडी दबते, हे मात्र त्यांनी बसल्या जागी, आवाजावरून सांगितलं. जाऊन पाहिलं, तर तिथं खालून कच सरकली होती. खारीचं काम.

आता त्यांना एक साइडिंग हवं आहे. क्रॉसिंगला दुसरी गाडी उभी राहिली पाहिजे, नाही तर ती लाइन कसली, असं त्यांचं म्हणणं. जागा त्यांनी काठीनं दाखवली आहे, मेंदीच्या अलीकडे. तिथं धुण्याची दोरी बांधलेली आहे, त्यामुळं वाटाघाटी सुरू आहेत.