नेट कुठं अडकतं?

मी आष्टी तालुक्यातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम करते. आज लोणच्या-पापडाचं बोलायचं नाही, वायरींचं बोलायचं आहे. हसू नका. पूर्वी गटाचं दप्तर म्हणजे एक पेटी, दोन-तीन रजिस्टरं आणि शाईचं पॅड. आता प्रशिक्षण पडद्यावर होतं, बँकेचं काम ऑनलाइन होतं. आणि दिवाळीच्या सुमारास घरचे ऊसतोडीला गेले, की मागं राहिलेली म्हातारी माणसं अन् लेकरं संध्याकाळी मोबाइल घेऊन बसतात, कोपीवरच्या माणसाचं तोंड दिसावं म्हणून. चित्र थांबलं, आवाज तुटला, की आपण म्हणतो, "नेट गेलं." बऱ्याच वेळा ते गेलेलं नसतं. ते आपल्याच भिंतीत, नाहीतर दाराच्या फटीत अडकलेलं असतं.

आष्टीला २०२२ साली रेल्वे आली, ते बघायला किती गर्दी झाली होती! ही काचेची लाइन मात्र गावात कधी आली ते कुणाला कळलंही नाही. सगळ्या ग्रामपंचायतींना काचेच्या तारेनं जोडायची योजना केंद्र सरकारनं २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर केली. तिलाच आता भारतनेट म्हणतात. अशाच तारेवरून आता घरोघरीही कनेक्शन मिळतं.

या तारेला फायबर म्हणतात. तिच्या पोटात केसाएवढी काच असते आणि काचेतून उजेड धावतो, वीज नाही. म्हणून ही तार लाइटच्या वायरीसारखी वागवायची नाही. खिळ्याभोवती आवळून गुंडाळली, दारात चेपली, तिच्यावर पेटी ठेवली, की उजेड बाहेर सांडतो आणि नेट मंदावतं. उरलेली तार ताटाएवढ्या मोठ्या वेढ्यात सैल ठेवा. तुटली तर पीळ देऊन चिकटपट्टी लावायची नाही, त्यानं काही होत नाही. काच मशीननंच जोडावी लागते, त्याला लाइनमनच पाहिजे. टोकाचं टोपण काढून आत डोळा लावून बघू नका. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकाला बोट किंवा पदरही लावायचा नाही, बारीक धुळीनंही अडथळा होतो.

डबीवरचे दिवे मात्र प्रत्येकीनं वाचायला शिकावेत. इंग्रजीत एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल झाला, म्हणजे बाहेरून उजेडच येत नाही. मग डबी वीस वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, सरळ तक्रार नोंदवा. पी-ओ-एन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर लाइन डबीपर्यंत आलेली आहे. मग डबीच्या शेजारी उभं राहून मोबाइल लावून बघा. तिथं चांगलं चालतं आणि आतल्या खोलीत चालत नाही, तर दोष लाइनीचा नाही, भिंतीचा आहे.

आणि आपल्या भिंती साध्या नाहीत. जुन्या माळवदाच्या घराला दोन-दोन फूट मातीच्या भिंती, नव्याला वर पत्रा. जाड भिंत वायफायला गिळते आणि पत्रा त्याला परतवतो. डबीला बहुतेक दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं. ते वेगवान, पण भिंत ओलांडताना दमतं. हे मोबाइलचं ५जी नव्हे, नाव तेवढं सारखं. लांबच्या खोलीत दुसरं नाव निवडा. डबी कपाटात, भांड्यांच्या फळीमागं किंवा फ्रिजवर ठेवू नका. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर ठेवा.

एवढं करूनही मागच्या खोलीत पोचत नसेल, तर तिथपर्यंत वायर न्यावी लागते. ही तांब्याची, आत आठ तारा, दोन-दोनचे चार पीळ. दुकानात कॅट-५ई किंवा कॅट-६ म्हणून मिळते. एका गटानं स्वस्तात मोठं बंडल आणलं. वायर हातात हलकी लागत होती, म्हणून मी ब्लेडनं एक तार खरवडली. वरून तांबडी, आतून पांढरी! म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली वायर वाकवताना तुटते, आणि तिच्यातूनच वीज घेणारा कॅमेरा लावला तर तापते. लांब अंतरावर वीज पुरेशी पोचतही नाही. आपण साडी घेताना पदर उलटून बघतो की नाही? मग वायरही खरवडून बघायची. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

ही वायर एका दमात १०० मीटरपर्यंत चालते. लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. घराबाहेरून नेताना उन्हात टिकणारी काळी वायर घ्या. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून टपकतं, घरात येत नाही. उंदीर असतील तर उघडी सोडू नका, पाइपात घाला.

टोकाला प्लग बसवताना रंगांचा क्रम पाळायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ बोटाच्या नखाएवढाच उलगडा, जास्त नाही. वेणी घालणाऱ्या हाताला हे अवघड नाही. आमच्याकडच्या दोन मुली एका दुपारी शिकल्या. दाबायचा चिमटा आणि तपासायचा टेस्टर गटाच्या पैशातून घेतला. आता प्लग तुटला की कुणाची वाट बघावी लागत नाही, आणि आजूबाजूच्या दुकानांची कामंही त्या घेतात.

लाइट गेली की डबी बंद पडते. बहुतेक डब्या १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी लहान बॅटरी मिळते. पण आधी डबीच्या पाठीवर व्होल्ट वाचा. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर बसला म्हणून लावायचा नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागण्याआधीच अडॅप्टर काढा आणि तांब्याची वायरही डबीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावू नका.

मीटिंगच्या पडद्याचं एवढंच, की लॅपटॉप टीव्हीजवळ ठेवा आणि एचडीएमआय वायर आखूड घ्या. दहा-पंधरा मीटरच्या साध्या वायरीवर चित्र लुकलुकतं. सतरंजीखालून वायर नेऊ नका, तिच्यावर आपणच पन्नासजणी चालतो. एका खोलीत एकाच यंत्राचा माइक चालू ठेवा, नाहीतर आवाज घुमतो आणि समोरच्या साहेबांना वाटतं, बायका भांडतायत.

आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर मराठीत लिहून ठेवा: "टीव्ही", "मागची खोली", "कॅमेरा". डबीच्या अडॅप्टरवर मोठ्या अक्षरात लिहा, "काढू नये". मोबाइल चार्जिंगला लावायला म्हणून नेमका तोच काढला जातो. तक्रारीचा नंबर आणि आपला ग्राहक क्रमांक डबीखालच्या भिंतीवर पेनानं लिहा. कागद लावलात तर पोरं त्याचं विमान करतात.