देणगीतील एक अट
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु देणगी आणि करार यांविषयी दोन शब्द बोलू शकेन. म्हणून मुंबईतील परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या उभारणीची हकिकत आपल्यापुढे ठेवतो.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सन १८४५ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेल्या रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी मोठे दान दिले होते. रुग्ण आपले, विद्यार्थी बहुतांशी आपले, दातेही आपले. परंतु अध्यापनाच्या वरिष्ठ जागा मुख्यत्वे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. विलायतेत शिकून आलेल्या गुणी भारतीय डॉक्टरांनाही त्या सहसा मिळत नसत.

सन १९१० मध्ये बादशहा सातवे एडवर्ड निवर्तले. त्यांच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला आणि त्यातून महानगरपालिकेच्या रुग्णालयाची योजना पुढे आली. पुढे शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय काढण्यास भरघोस देणगी देऊ केली. मात्र सोबत एक अट घातली : येथील अध्यापकवर्ग पात्र भारतीयांचाच असावा.

परकीय राजवटीत अशी अट घालणे सोपे नव्हते. तरीही विश्वस्तांनी ती सोडली नाही आणि अखेर ती मान्य झाली. सन १९२५ मध्ये महाविद्यालय व १९२६ मध्ये रुग्णालय सुरू झाले. इमारतींचा आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांचा होता. पहिले अधिष्ठाता झाले डॉ. जीवराज मेहता, जे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. रुग्णालयाला नाव इंग्रज बादशहाचे होते. परंतु आत शिकविणारे आणि शस्त्र चालविणारे हात भारतीय होते. याच रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. परंतु ते धाडस करणारी पिढी येथे घडली होती.

तरुणपणी गिरण्यांचा माल घेण्यास मी परळला जात असे, तेव्हा त्या फाटकाशी गावोगावच्या रुग्णांची गर्दी पाहत असे. त्यामागील ही अट मला फार उशिरा कळली.

बंधूंनो, दुकानात आपण सौद्याची प्रत्येक अट तपासतो. दान देताना मात्र पाटी कोठे लागेल, एवढेच विचारतो. यात मीही आलो. आपल्या दवाखान्यातील एका खोलीवर माझ्या वडिलांचे नाव आहे. गेली दोन वर्षे डॉक्टरांअभावी ती बहुतेक दिवस बंद असते. पाटी मी लावून घेतली; तेथे कोण बसेल आणि त्याचे मानधन कोठून येईल, हे विचारले नाही. दोष माझा आहे.

औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक. औषध देणारा हातच नसेल, तर नुसती खोली म्हणजे औषधदान नव्हे. यापुढे प्रत्येक देणगीपत्रात पाटीच्या मजकुराआधी वैद्यकीय सेवेची अट लिहिली जावी, अशी विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. आरंभ मी करतो. त्या खोलीतील डॉक्टरांच्या एका वर्षाच्या मानधनाची जबाबदारी माझी. मात्र खोली रोज उघडली पाहिजे, ही माझी अट.

जय जिनेंद्र.