जमिनीचा विसावा
(जुबिली सप्ताहात सक्करदरा येथे धर्मग्रामस्थांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



जुबिली म्हटली की रोषणाई, मिरवणूक, मेजवानी व स्मृतिग्रंथ इतक्या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्या अवश्य असाव्यात. आनंदाच्या प्रसंगी आनंद करणे हे कृतज्ञतेचेच लक्षण होय. परंतु ज्या प्राचीन प्रथेवरून हा उत्सव आपणांकडे आला, तिचा संबंध मेजवानीपेक्षा हिशेबाशी अधिक आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस घालून दिलेला नियम पाहावा. दर सातव्या वर्षी शेत पेरावयाचे नाही. जमिनीस विसावा द्यावयाचा. अशी सात सप्तके लोटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी एडक्याच्या शिंगाचा नाद करावयाचा, दास्यात पडलेल्यांस मोकळे करावयाचे, आणि अडचणीपायी विकली गेलेली वडिलार्जित जमीन ज्याची त्यास परत द्यावयाची. या नियमाचे मर्म असे की, मनुष्य हा जमिनीचा धनी नव्हे, तो तिजवरील कूळ आहे. आणि कुळाने पीक खुशाल घ्यावे, पण शेत नासवू नये.

हा नियम धर्माचा तसाच अर्थशास्त्राचाही आहे, हे आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. काळ्या जमिनीत वर्षामागून वर्ष निव्वळ कपाशीच घेत गेले तर जमिनीचा कस उतरतो, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. म्हणूनच कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी टाकण्याची वहिवाट पडली. तुरीच्या मुळांवर ज्या बारीक गाठी येतात, त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र बांधून ठेवतात व त्याचा काही भाग जमिनीस मिळतो, हे शास्त्रज्ञांनी मागाहून दाखविले. घेतले त्यातील काही परत करावे लागते, एवढे शेतकऱ्यास त्यापूर्वीच ठाऊक होते. माझ्या आजच्या सांगण्याचे सूत्रही एवढेच आहे. प्रत्येक धंदा सृष्टीकडून भांडवल उचलतो. ते परत न केल्यास कर्ज नाहीसे होत नाही. ते फक्त दुसऱ्या कोणाच्या नावावर चढते.

आता हे सूत्र आपल्या शहरास लावून पाहू. नागपुरास आगगाडी आली ती १८६७ साली. कापसाचा मुलूख जवळ, रुळांची सोय झालेली व वरोऱ्याचा कोळसा हाताशी, हे हेरून जमशेटजी टाटा यांनी येथे कापडाची गिरणी काढण्याचे योजिले. त्यांनी जुम्मा तलावाच्या, म्हणजे आज आपण ज्यास गांधीसागर म्हणतो त्याच्या, लगतची दलदलीची जागा स्वस्तात घेतली, तीवर भराव घातला, व १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. त्याविषयी एक आख्यायिका आहे. गावातील एका सावकाराने टाटांस कर्ज देण्याचे नाकारले. हा गृहस्थ सोने मातीत पुरीत आहे, असे त्याचे म्हणणे पडले. पुढे गिरणीची भरभराट झाली तेव्हा त्यानेच कबूल केले की, या गृहस्थाने माती टाकली व सोने काढले.

गोष्ट मोठी मार्मिक आहे, आणि तीत खोटे असे काही नाही. त्या गिरणीच्या भोंग्यावर या शहरातील हजारो चुली पेटत होत्या. २००२ साली ती बंद पडली तेव्हा किती संसार उघडे पडले, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. उद्योगास नावे ठेवून पोट भरत नाही, हे मी जाणतो. तथापि सावकाराच्या हिशेबात नावे दोनच होती, एक टाटांचे व एक त्याचे स्वतःचे. तिसरे नाव त्या दलदलीचे होते. दलदल म्हणजे निरुपयोगी जागा, असे त्या काळी सर्वच देशांत मानीत. वास्तविक पावसाचे पाणी थोपविणे, ते हळूहळू जिरविणे व आसपासच्या विहिरींस झरे पुरविणे, हे काम अशा जागा एक छदामही न घेता करीत असतात. एका गिरणीच्या भरावाने शहर बुडत नाही. परंतु खळगा दिसला की भरावा व भरला की विकावा, हाच धडा पुढे शहराने गिरविला. लेंडी तलाव व नाईक तलाव वस्तीच्या वेढ्यात आकसत गेले, आणि नाल्यांच्या पात्रांवर बांधकामे चढली.

या कर्जाची मागणी २३ सप्टेंबर २०२३ रोजी आली. त्या उत्तररात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नागनदीचे पाणी पात्र सोडून वस्त्यांत शिरले. हजारो घरांत चिखल झाला, मोर भवनाच्या बसस्थानकात गाड्या बुडाल्या, माणसे प्राणांस मुकली. पाऊस असाधारण होता, हे खरे. पण जे पाणी पूर्वी मोकळ्या जागेत विसावले असते, त्यास विसावण्यास जागाच उरली नव्हती, हेही तितकेच खरे. जागा विकून ज्याने नफा घेतला तो एक, आणि ज्याचे धान्य भिजले तो दुसरा. दुसऱ्याच्या नावावर कर्ज चढते, ते असे.

ज्या नदीवरून या शहरास नाव मिळाले, तिची कथा याहून करुण आहे. नागनदी पश्चिमेकडील लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, शहराच्या मध्यातून वाहते, पुढे कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस मिळते, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात अडते. त्या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. आता विचार करा. आपल्या न्हाणीघरांतील, संडासांतील व कारखान्यांतील जे सांडपाणी शुद्ध न करता आपण नदीत लोटतो, ते आपल्या दृष्टीने गेले. परंतु ते कोठेच गेलेले नसते. ते भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या शेतात व धरणाच्या पाण्यात जाळे टाकणाऱ्या ढिवराच्या होडीखाली जाऊन पोहोचते. पाणी शुद्ध करण्याचा खर्च आपण वर्षानुवर्षे वाचविला; तो त्या ढिवराने मासळी गमावून भरला. त्याने आपले काय घेतले होते?

आणि शेवटी वाचविलेले वाचले का? ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नागनदीच्या शुद्धीकरण योजनेची कोनशिला बसली. तिचा अंदाजी खर्च एकोणीसशे कोटी रुपयांहून अधिक आहे. ही रक्कम आपल्याच करांतून फिटावयाची आहे. वेळच्या वेळी दिले असते ते मुद्दल. आता व्याजासकट द्यावयाचे आहे.

विजेचेही असेच आहे. या सभागृहातील दिवे ज्या विजेवर जळतात, तिच्यासाठी कोराडी व खापरखेडा येथे कोळसा जळतो. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण मोठे. शंभर मण कोळसा जाळला की सुमारे तीस-चाळीस मण राख मागे उरते. ती कोठेतरी साठवावी लागते. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, व ते राखट पाणी आसपासची शेते व नदीनाले यांत पसरले. दिवा आपल्या घरी आणि राख त्यांच्या शेतात, ही वाटणी न्यायाची म्हणता येईल काय?

परंतु नुसती दुखणी सांगून मी आपला निरोप घेणार नाही, कारण याच शहराने एक चांगला कित्ताही घालून दिला आहे. वीजकेंद्रास थंडाव्यासाठी पाणी अपार लागते, आणि तेच पेंचचे पाणी शहरास पिण्यासाठी व शेतकऱ्यास ओलितासाठी हवे असते. तेव्हा आपल्या पूर्वेस भांडेवाडी येथे शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याची योजना आखली गेली, व ती प्रत्यक्षात आली. ज्यास आपण घाण म्हणून टाकीत होतो ते कारखान्याचे भांडवल झाले, आणि तेवढे स्वच्छ पाणी माणसांसाठी मोकळे राहिले. उद्योग व सृष्टी यांचे वैर विधिलिखित नाही, याचा याहून जवळचा दाखला मला ठाऊक नाही. मात्र तसे घडण्यास कोणीतरी पूर्ण हिशेब मांडावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. आपणांत हातावर पोट असणारे पुष्कळ आहेत. लहानसा कारखाना किंवा दुकान चालविणारेही आहेत. ते म्हणतील, “फादर, आमच्या पोटाला चिमटा घेऊन नदी राखावयाची काय?” माझे उत्तर असे की, नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या पत्रात कामगाराच्या रास्त मजुरीचा कैवार घेतला, आणि २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लौदातो सी’ या पत्रात पृथ्वीच्या वेदनेचा. पण त्या दुसऱ्या पत्रातही गरिबाचे दुःख पृथ्वीच्या दुःखापासून वेगळे काढलेले नाही. ज्याने अधिक घेतले त्याने अधिक परत करावे, हाच न्याय. नदी राखण्याचा भार गरिबावर टाकणे हा जितका अन्याय, तितकाच नदी नासवून तिचे दुष्परिणाम त्याच्या माथी मारणे हाही अन्याय होय. आणि आजवर चालत आला आहे तो हा दुसरा अन्याय.

आता आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवितो. देवळाच्या छपरावरील पावसाचे पाणी रस्त्यावर न सोडता गाळून आवारातील विहिरीत उतरवावे. जुबिली निधीतील पहिला खर्च याचा असावा. जुबिलीचे भोजन पळसाच्या पत्रावळींवर व्हावे. त्यांचे मोल रानातील पाने गोळा करणाऱ्या घरांस मिळेल, व उष्ट्या पत्रावळींचे खत होईल. आणि सक्करदरा तलावाचा काठ हा आपल्या अंगणाचाच भाग समजून, तेथे कचरा किंवा भराव पडताना दिसल्यास आपण शेजाऱ्यांसह, ते कोणत्याही धर्माचे असोत, महानगरपालिकेकडे लेखी तक्रार नेण्यास कचरू नये.

ही कामे लहान आहेत, हे मला मान्य आहे. त्यांनी नागनदी निर्मळ होणार नाही. परंतु जो स्वतःच्या छपराच्या पाण्याचा हिशेब ठेवू लागतो, त्यास शहराच्या पाण्याचा हिशेब विचारण्याचे धैर्य येते. आणि तो हिशेब विचारणारी माणसे या शहरास फार हवी आहेत. परमेश्वर आपणांस ती सद्बुद्धी व चिकाटी देवो.